पाच रिपोर्ट, आणि बोलणं एकदाही नाही

ताई, नमस्कार. मी २८ वर्षांचा आहे. घणसोलीत भाऊ-वहिनींबरोबर राहतो, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करतो. मे महिन्यात साखरपुडा झाला, तुळशीचं लग्न झालं की आमचं आहे. १४ जूनला अ‍ॅपवर ओळख झालेल्या एका मुलीबरोबर हॉटेलात गेलो. संबंधाच्या वेळी कंडोम होता, तो फाटला नाही की निसटला नाही. पण त्याआधी दोन-तीन मिनिटं तिने तोंडाने केलं, तेव्हा कंडोम नव्हता. एवढंच झालं. तेव्हापासून मला झोप नाही. बाराव्या, एकविसाव्या, तिसाव्या, शेहेचाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी एचआयव्हीची टेस्ट केली. सगळ्या निगेटिव्ह. दर वेळी लॅब वेगळी: कोपरखैरणे, वाशी, नौपाडा, डोंबिवली, शेवटी सानपाडा. एका ठिकाणी नावही खोटं सांगितलं. शेहेचाळिसाव्या दिवशीची लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट होती. तरी वाटतं, काहीतरी राहून गेलंय. जुलैच्या सुरुवातीला चार दिवस ताप आला, घसा धरला. जीभ पांढरी दिसते. सहा किलो वजन उतरलं. माझी तीन वर्षांची पुतणी तिच्या वाटीतला घास मला भरवायला येते आणि मी तोंड फिरवतो. तसल्या मुलीच्या नादी लागून मी सगळं घालवलं. लग्न मोडावं का? होणाऱ्या बायकोला सांगावं का? की आणखी एक टेस्ट करू?
– एक वाचक, घणसोली

मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकेरीच लिहिते आहे, राग मानू नकोस. माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे आणि हे सगळं त्याने लिहिलं असतं तर मी जसं उत्तर दिलं असतं तसंच तुला देणार आहे.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुझी नजर पहिल्यांदा तेच शोधणार. १४ जूनच्या प्रसंगातून तुला एचआयव्ही झालेला नाही. 'बहुतेक नसावा' असं मी म्हणत नाही. झालेला नाही. त्या दिवसासाठी आणखी एकही टेस्ट करायची गरज नाही.

आता हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते नीट सांगते, कारण नुसतं 'काळजी करू नकोस' हे तू स्वतःला हजारदा सांगून झालेलं असणार.

एचआयव्ही जातो तो रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या आणि गुदाशयातल्या स्रावातून, आणि आईच्या दुधातून. लाळेतून जात नाही. म्हणजे ज्या दोन-तीन मिनिटांनी तुझी झोप उडवली, त्यात तुझा संबंध आला तो लाळेशी. पुरुषाला तोंडाने सुख दिलं जातं तेव्हा त्या पुरुषाला बाधा होण्याची शक्यता जवळजवळ शून्य धरतात. पुढच्या संबंधात कंडोम होता आणि तो शेवटपर्यंत शाबूत होता, म्हणजे तिथे विषाणूला वाटच नव्हती. एक आकडा सांगते, तो ऐकून तुला नवल वाटेल. समजा स्त्रीला एचआयव्ही आहे, तिचे उपचार सुरू नाहीत आणि कंडोमही वापरलेला नाही. अशा योनीसंबंधात पुरुषाला बाधा होण्याचा अंदाज दर १०,००० वेळांमागे साधारण ४ वेळा इतका आहे. तुझ्या बाबतीत तर कंडोम होता. ती मुलगी बाधित होती असं मानायलाही तुझ्याकडे काही कारण नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटात हजारात दोनच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगत आहेत.

हा आकडा वाचून दुसऱ्या कोणी 'मग कंडोमची गरजच काय' असा अर्थ काढू नये. गुदमैथुनात धोका याच्या कितीतरी पट असतो, आणि वरचेवर घेतलेली छोटी जोखीम छोटी राहत नाही. मी हे तुझ्यापुरतं बोलते आहे.

आता शेहेचाळिसाव्या दिवसाचा रिपोर्ट. फोर्थ जनरेशन टेस्ट दोन गोष्टी शोधते. एक, शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो. दुसरी, विषाणूचाच एक तुकडा, पी-२४ नावाचं प्रथिन. हा तुकडा अँटिबॉडीच्या आधी रक्तात दिसतो. म्हणूनच लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर केलेली ही टेस्ट पंचेचाळीस दिवसांनंतर निगेटिव्ह आली की प्रश्न मिटला असं धरतात. तुझी त्यानंतरची आहे. बारावा आणि एकविसावा दिवस तसेही घाईचे होते, ते रिपोर्ट ना तुझ्या बाजूचे ना विरुद्ध. उद्या तू एखाद्या सरकारी केंद्रात गेलास तर तिथे 'तीन महिन्यांनी परत या' असं सांगतील. दचकू नकोस. तिथल्या किट मुख्यतः अँटिबॉडी शोधणाऱ्या असतात आणि येणाऱ्या सगळ्यांसाठी एकच मुदत सांगितलेली असते. त्यात तुझ्यावरचा संशय नसतो.

ताप. हा तापच तुला सोडत नाहीये ना? जुलैचा पहिला आठवडा, घणसोलीच्या गल्ल्यांत पाणी साचलेलं, निम्मं ऑफिस शिंकतंय आणि तुला चार दिवस ताप आला. ज्याला हा घोर नसता तो काढा घेऊन झोपला असता. एचआयव्हीच्या सुरुवातीला ताप येऊ शकतो, घसा दुखू शकतो, हे खरं आहे. पण तो ताप असतो विषाणू रक्तात जोरात वाढत असतानाचा. तुझा ताप जर त्याचा असता, तर त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी केलेल्या टेस्टमध्ये तो लपूच शकला नसता. तुझा ताप आणि तुझा रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात नाहीत. रिपोर्टने तापाचं उत्तर देऊन टाकलं आहे. आणि जीभ म्हणशील तर दिवसातून वीस वेळा आरशात बघितल्यावर कोणाचीही जीभ पांढरीच दिसेल. त्यात तू नीट जेवत नाहीस, पाणी पीत नाहीस.

इथपर्यंत शास्त्र झालं. हे तुला आधीच माहीत होतं, अशी माझी खात्री आहे. रात्र रात्र जागून तू हे सगळं वाचलेलं असणार. मग भीती का जात नाही?

मी अकरा वर्षं एका सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक होते. छोटी खोली. टेबलावर नोंदवही आणि कंडोम कसा चढवायचा ते दाखवायला लिंगाची लाकडी प्रतिकृती. नवीन माणूस आत आला की आधी तिच्यावरून नजर वळवायचा. मी उठून दार लावायचे. मग हळूहळू विचारायचे, काय झालं, कधी झालं, कंडोम होता का, नंतर कुठे टेस्ट केलीत. शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा: 'रिपोर्ट वाईट आलाच, तर सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' या प्रश्नाला मोठमोठे पुरुष रडलेले मी पाहिले आहेत. विषाणूचं नाव क्वचितच कोणी घ्यायचं. 'आईला कळेल' म्हणायचे. 'बायको माहेरी निघून जाईल' म्हणायचे.

तुझ्यासारखा एक मुलगा तिथे महिन्यात चौथ्यांदा आला होता. रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हटलं तर त्याला पटेना, पट्टी बघायचीच म्हणून हटून बसला. शेवटी तंत्रज्ञाने आणून दाखवली. पांढरी पट्टी, 'सी' अक्षरासमोर एक गुलाबी रेघ. ती रेघ किट नीट चालल्याची खूण असते. दुसरी रेघ नाही म्हणजे निगेटिव्ह. तो पट्टी खिडकीजवळ घेऊन गेला, उजेडात तिरकी धरली आणि म्हणाला, 'मॅडम, इथे दुसरी फिकट आहे, मला दिसतेय.' मी पाहिलं, तंत्रज्ञाने पाहिलं. काही नव्हतं. पण त्याला दिसत होती. त्याने काय केलं होतं म्हणून तो आला होता, माहीत आहे? एका पार्टीत एका मुलीचं चुंबन घेतलं होतं. आणि त्याच आठवड्यात गावी त्याचे वडील वारले होते.

तुझ्या पत्रातली सगळ्यात वाईट वाटलेली गोष्ट म्हणजे ती लॅबची यादी. कोपरखैरणे, वाशी, नौपाडा, डोंबिवली, सानपाडा. कोणी ओळखू नये म्हणून तू गाड्या बदलत फिरलास, हात पुढे केलास, पैसे भरलेस, पीडीएफ घेतलीस. पाच ठिकाणी रक्त दिलंस आणि एकाही ठिकाणी कोणी दार लावून तुला 'बस, काय झालं ते सांग' म्हटलं नाही. खरं तर एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन असावं असं सांगतो. २०१८ पासून तो लागूही आहे. पण काउंटरवर ते होत नाही, आणि तूही विचारलं नाहीस, कारण तुला लवकर बाहेर पडायचं होतं.

तुला माझं म्हणणं एवढंच आहे. तू रक्ताला जो प्रश्न विचारतो आहेस, त्याचं उत्तर रक्ताकडे नाही. रक्ताने पाचदा सांगितलं, 'माझ्याकडे काही नाही.' तुझा खरा प्रश्न आहे, 'साखरपुड्यानंतर महिनाभरात मी हे केलं, मी कसला माणूस आहे, याची शिक्षा मला मिळणार का?' विषाणूला साखरपुडा कळत नाही रे. तो कोणाला शिक्षा द्यायला येत नाही. त्याला वाट मिळाली तर नवऱ्याशिवाय कोणाला न शिवलेल्या बाईलाही तो होतो. अशा किती जणी माझ्यासमोर बसून गेल्या आहेत. आणि वाट नसेल तर कितीही अपराधी वाटणाऱ्या माणसाला तो होत नाही.

म्हणूनच प्रत्येक रिपोर्टनंतर तुला अर्धा दिवस बरं वाटतं आणि रात्री पुन्हा सुरू होतं. लॅबवाल्याने नमुने बदलले असतील का? आपण खोटं नाव दिलं म्हणून घोळ झाला असेल का? प्रत्येक टेस्टने तू मनाला शिकवतोस की घाबरलं की सुई टोचून घ्यायची, म्हणजे सुटका होते. मग मन पुन्हा घाबरतं, पुन्हा सुटका मागतं. खरूज खाजवल्यासारखं आहे हे.

तर आता काय करायचं. शेहेचाळिसाव्या दिवसाचा रिपोर्ट ठेव. बाकीचे चारही मोबाइलमधून, मेलमधून पुसून टाक. लक्षणं शोधणं आजपासून बंद. ऑफिसच्या वॉशरूममध्ये जीभ बाहेर काढून बघणं बंद. पहिले काही दिवस फार जड जातील, हे आधीच सांगते. भीती उसळेल, पोटात खड्डा पडेल, वाटेल की एकदाच बघतो. तेव्हा तिच्याशी वाद घालू नकोस, रिपोर्ट उघडू नकोस, मला किंवा कोणालाही 'खरंच नाही ना?' असं विचारू नकोस. हातातलं काम चालू ठेव. तिला खायला घातलं नाही तर ती चढते तशी उतरते. पहिल्यांदा तासभर लागेल, दहाव्यांदा कमी.

पण तुझं सहा किलो वजन उतरलंय आणि दोन महिने झोप नाही, हे मी एकट्याने निभवायचं काम म्हणून सोडणार नाही. तू मनोविकारतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे ठाणे म्हटलं की लगेच 'ठाण्याला पाठवा' अशी थट्टा होते, आणि त्या थट्टेपायी इथलीच माणसं इथल्याच डॉक्टरांकडे जायला लाजतात. त्याच ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत रोज नोकरी करणारी, पोरंबाळं असलेली, तुझ्या-माझ्यासारखी माणसं येतात, गोळ्या घेतात, बरी होतात. आजाराची अशी भीती आणि पुन्हा पुन्हा तपासून बघायची ओढ यावर चांगले उपचार आहेत. तिथे जायचं नसेल तर आधी १४४१६ वर फोन कर. 'टेलिमानस' नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि कधी जगणंच नको असं वाटलं तर लगेच, त्याच क्षणी फोन कर आणि भावाला उठव. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ आहे, तोही फुकट. मात्र तिथे एकच प्रश्न दहा वेळा विचारायला जाऊ नकोस.

आता तुझी पुतणी. समजा, फक्त समजा, तुला एचआयव्ही असता. तरीही तू तिच्या वाटीतला घास खाऊ शकला असतास. तिला पापी देऊ शकला असतास, कडेवर घेऊ शकला असतास, एका ताटात जेवू शकला असतास. यातल्या कशानेही तो जात नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुझ्या मनातला एचआयव्ही जुन्या पोस्टरमधला आहे, कवटी आणि हाडांचा. तेव्हा औषधं नव्हती. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मोफत औषधं मिळायला लागली ती २००४ पासून. आज जो माणूस रोज गोळी घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला बाधा होत नाही. माझ्या केंद्रात येणाऱ्या एक ताई औषधांची चौदा वर्षं पुरी झाली त्या दिवशी पेढे घेऊन आल्या होत्या. त्यांची दोन्ही मुलं निगेटिव्ह आहेत, नातू झाला आहे, तो त्यांच्याच हातचा वरणभात खातो. तू ज्या गोष्टीला जगाचा शेवट समजून पुतणीपासून तोंड फिरवतोस, त्या गोष्टीसह माणसं संसार करत आहेत. आज संध्याकाळी ती घास घेऊन आली की खा.

एक वैद्यकीय गोष्ट राहिली. तुझी सगळी भीती एकाच नावाला चिकटली आहे. पण तोंडाच्या संबंधातून खरं म्हणजे इतर काही संसर्ग होऊ शकतात, सिफिलिस, गोनोरिया वगैरे. व्रण, जळजळ, स्राव असं काही तू लिहिलेलं नाहीस, तेव्हा यातलं काही असण्याची शक्यता कमीच. शिवाय हे दोन्ही औषधाने बरे होतात. यासाठी धावायचं नाही. लग्नाआधी एकदा तपासायचं, ते कसं ते पुढे सांगते. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर रडत बसण्यात वेळ घालवू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात जा. २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, तो बाधा रोखू शकतो. तुला त्याची गरज नव्हतीच.

पत्रातल्या एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तू त्या मुलीला 'तसली' म्हणालास. ज्या अ‍ॅपवर ती होती त्याच अ‍ॅपवर तूही होतास. ज्या हॉटेलात ती आली तिथेच तू गेलास. बहुधा कंडोम वापरायचा आग्रह तिनेही धरला असेल. आज तीही कुठेतरी 'त्या मुलाला काही नसेल ना' म्हणून बसली असेल, आणि तिला तर हेही माहीत नसेल की तुझा साखरपुडा झाला होता. तिला रोग ठरवून तुला स्वच्छ होता येणार नाही.

आणि आता तुझ्या होणाऱ्या बायकोबद्दल. एचआयव्हीपायी लग्न मोडण्याचा प्रश्नच नाही, कारण ते कारणच अस्तित्वात नाही. सांगावं की नाही, यावर माझ्या दोन मैत्रिणींचं मत माझ्या उलट आहे. त्या म्हणतात, झालं ते झालं, तिला कशाला जखम द्यायची. मला ते पटत नाही. ती तुझ्या शब्दावर आयुष्य उभं करणार आहे, तिला तो शब्द कसा आहे ते माहीत असावं. मात्र आत्ता, या अवस्थेत सांगू नकोस. आत्ता सांगशील तर तू घाबरून रडशील आणि ती बिचारी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुलाच धीर देत बसेल. तो भार तिचा नाही. आधी थोडी झोप लागू दे, डॉक्टरांशी बोलणं होऊ दे. मग समोर बसून, फोनवर नाही, थोडक्यात सांग: माझ्याकडून हे घडलं, मी तपासण्या केल्या, त्या स्वच्छ आहेत, तरी लग्नाआधी आपण दोघांनी एकदा तपासणी करावी असं मला वाटतं. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, दोघांचीही, दोघांच्या मर्जीने. ऐरोली, नेरूळ, वाशीच्या महापालिका रुग्णालयांत किंवा कळव्याच्या रुग्णालयात जा. एचआयव्हीची चाचणी तिथे मोफत आहे आणि गुप्त राहते, आणि तिथे दार लावून बोलणारं कोणीतरी असतं. तोवर तीन महिनेही उलटलेले असतील. तुझी ती एकच टेस्ट उरली आहे, आणि ती जूनसाठी नाही, तुमच्या दोघांसाठी आहे. ती चिडेल, कदाचित नको म्हणेल. तो तिचा हक्क आहे आणि तो तिला देताना तुला ऐकून घ्यावं लागेल.

गणपतीत बोलू नकोस, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि तिला रडायलाही कोपरा मिळणार नाही. पितृपंधरवड्यात लग्नाची खरेदी कोणी काढत नाही, हॉलवाल्याचे, सोनाराचे फोन थांबतात. त्या दिवसांत तिला भेट. नवरात्र बसलं की पत्रिका छापायला जातील. त्याआधी.